हिवसाळ्याची नोंद: हवामान बदलाच्या चर्चेत जन्मणारे शब्द कसे टिपावेत आणि कसे उलगडावेत

१ आणि २ डिसेंबर २०२१ या दोन दिवशी मुंबई, पुणे, नाशिक परिसरात भर हिवाळ्यात पाऊस झाला. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या सकाळी एक संदेश आला: "हिवसाळ्याच्या हार्दिक शुभेच्छा! स्वेटरवर रेनकोट घालावा की रेनकोटवर स्वेटर?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. थोड्या वेळाने निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माझ्या मावसभावाने लिहिले: "तुमचा हिवसाळा, आमची गळकूज. प्लॉट फुलोऱ्यात आहे." गळकूज म्हणजे फुलोऱ्यातले घड पावसाने गळणे आणि कुजणे. त्यानंतर गटावर बराच वेळ कोणीच काही लिहिले नाही.

हवामान बदलाविषयी सामान्य माणसे जे बोलतात, त्यातले पुष्कळसे आता समाजमाध्यमांवर बोलले जाते आणि दोन दिवसांत खाली सरकून दिसेनासे होते. शास्त्रीय अहवाल ग्रंथालयात राहतात, पर्जन्यमापकाचे आकडे हवामान खात्याच्या दप्तरी राहतात. पण अवेळी आलेल्या पावसाने गोंधळलेल्या लोकांनी त्या दिवशी जो शब्द घडवला, तो कोणाच्याच दप्तरी राहत नाही. अशा शब्दांची नोंदवही कशी ठेवावी, त्यांची उकल कशी करावी आणि गरज पडली तर स्वतः शब्द कसा घडवावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. प्रकल्प करणारे विद्यार्थी, मराठीचे व भूगोलाचे शिक्षक, ग्रामीण भागातील वार्ताहर आणि भाषेची आवड असलेला कोणीही हे काम करू शकतो. त्यासाठी एक वही किंवा संगणकावरचा साधा तक्ता पुरतो. माझे सांगणे मुख्यतः एवढेच आहे की शब्दाच्या शेजारी तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, तारीख, गाव आणि त्या दिवशीचे मोजमाप या चार गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत. त्या नसतील तर तो शब्द पुढे कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

पहिली पायरी: कुंपण घालून घ्या

"हवामान बदलाविषयीचे सर्व नवे शब्द" असा विषय घेतला, तर महिन्याभरात वही बंद पडते. माझी पहिली वही अशीच बंद पडली. त्याऐवजी एक घटना घ्यावी, किंवा एक समूह घ्यावा, किंवा शब्दांचे एक कूळ घ्यावे. घटना म्हणजे एखादा पूर, एखादी गारपीट, एखादा उन्हाळा. समूह म्हणजे द्राक्ष बागायतदारांचे गट, मच्छीमारांचे गट, एखाद्या शहरातील वृक्षप्रेमींची पाने. कूळ म्हणजे एकाच शब्दापासून फुटलेल्या फांद्या. नेल्या कोतेयको आणि ब्रिगिटे नेर्लिश या भाषा अभ्यासकांनी इंग्रजीतील 'कार्बन' या एका शब्दाला जोडून घडलेल्या सामासिक शब्दांचा असाच अभ्यास केला आणि त्यांतून आहाराची, हिशेबाची, पापपुण्याची भाषा हवामानाच्या चर्चेत कशी शिरली ते दाखवले.

मराठीत हेच काम 'कर्ब' या शब्दावर करण्यासारखे आहे. माती परीक्षणाचा अहवाल हातात घेतलेल्या शेतकऱ्याच्या लेखी 'सेंद्रिय कर्ब' ही चांगली गोष्ट असते आणि ती वाढली पाहिजे. हवामान बदलाच्या लेखांत मात्र 'कर्ब' हा आरोपी असतो आणि तो कमी झाला पाहिजे. एकाच दिवशी, एकाच गटावर, "कर्ब वाढवा" आणि "कर्ब कमी करा" असे दोन संदेश शेजारी शेजारी येतात, तेव्हा वाचणाऱ्याचे काय होत असेल, हे त्यांखालच्या प्रतिक्रिया वाचून समजून घेणे हा पूर्ण वाढलेला अभ्यासविषय आहे.

दुसरी पायरी: शोध हाताने घ्या

२०२३ पर्यंत संशोधकांना ट्विटरवरील, म्हणजे आजच्या एक्सवरील, मजकूर मोठ्या प्रमाणात विनामूल्य उतरवून घेता येत असे. ती सोय बंद झाली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील सार्वजनिक मजकूर शोधून देणारे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद करण्यात आले. त्यामुळे सामान्य अभ्यासकाला आता हातानेच शोध घ्यावा लागतो. यात एक बंधन पाळावे लागते: हाताने गोळा केलेल्या नोंदींवरून "इतके टक्के लोक हा शब्द वापरतात" असे विधान करू नये. शब्द आहे, तो असा वापरला जातो, या तारखेला या भागात दिसला, एवढेच अशा वहीवरून म्हणता येते.

शोधताना लेखनातील फरक लक्षात घ्यावेत. 'ढगफुटी' हा शब्द 'ढगफूटी', 'ढग फुटी' आणि रोमन लिपीतील दोन-तीन रूपांत लिहिलेला आढळतो. 'उष्माघात' आणि 'ऊष्माघात' अशी दोन्ही रूपे दिसतात. प्रत्येक रूप वेगळे शोधावे. नवा शब्द मुळात माहीतच नसेल, तर तो ओळखण्याच्या खुणा शोधाव्यात. लोक स्वतःच नव्या शब्दाला अवतरणचिन्ह लावतात, त्यानंतर हसरा चेहरा टाकतात, किंवा "आता याला काय म्हणायचे", "नवीन ऋतू सुरू", "यालाच म्हणतात" अशी प्रस्तावना करतात. या प्रस्तावना शोधपेटीत टाकल्या की त्यांच्यामागून शब्द हाती लागतात.

पुष्कळसे शब्द चित्रांवर लिहिलेले किंवा चलचित्रांत बोललेले असतात आणि ते शोधात सापडत नाहीत. चित्राचा स्क्रीनशॉट ठेवावाच, पण त्यावरचा मजकूर अक्षरशः टंकून ठेवावा, कारण वर्षभराने आपल्यालाच आपल्या हजारभर चित्रांत तो सापडत नाही. फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशाला लेखकही नसतो आणि मूळ तारीखही नसते. अशा संदेशावर "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" ही खूण असेल तर तीसुद्धा नोंदवावी, कारण शब्द किती फिरला आहे याचा तो एकमेव पुरावा असतो.

तिसरी पायरी: नोंद पूर्ण करा

एका नोंदीत पुढील गोष्टी याव्यात: शब्द जसा लिहिला होता तसाच, चुकीसह, पूर्ण वाक्य, त्याच्या आधीचे आणि नंतरचे एकेक वाक्य, तारीख व शक्य असल्यास वेळ, माध्यम, लिहिणाऱ्याचा भाग किंवा तालुका, व्यवसाय कळत असेल तर तो, चित्र, चलचित्र की मजकूर, आणि त्याखालच्या पहिल्या काही प्रतिक्रियांचा सूर. शब्द कोणी प्रथम वापरला हे लिहिण्याचा मोह टाळावा. रकान्याचे नाव "मला प्रथम दिसला" असे ठेवावे. काही शब्दांचा कर्ता निश्चित माहीत असतो: आपल्या घरी राहूनच घर हरवल्यासारखे वाटणे, डोळ्यांसमोर परिसर उद्ध्वस्त होताना होणारी कासाविशी, यासाठी 'सोलास्टाल्जिया' हा शब्द ऑस्ट्रेलियातील तत्त्वचिंतक ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी घडवला, आणि त्यामागे न्यू साउथ वेल्समधील हंटर खोऱ्यातील कोळसाखाणींच्या शेजारी राहणाऱ्या लोकांची अवस्था होती. समाजमाध्यमांवरील बहुतेक शब्दांना असा जन्मदाखला नसतो.

व्यक्तीचे नाव, दूरध्वनी क्रमांक, खात्याचे नाव वहीत उतरवू नये. जाहीर पान आणि बंद गट यांत फरक करावा. बंद गटातील वाक्य कोठेही छापायचे असेल तर लिहिणाऱ्याची परवानगी घ्यावी. ज्याचे पीक काल वाहून गेले आहे, त्याच्या संदेशातील शब्द भाषिकदृष्ट्या कितीही लक्षणीय असला तरी लगेच त्याला प्रश्न विचारायला जाऊ नये. महिनाभर थांबावे.

चौथी पायरी: शब्द उकला

या कामातला खरा आनंद येथे आहे, म्हणून येथे सावकाश जावे. 'हिवसाळा' हा शब्द घ्या. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा ही तिन्ही नावे एकाच ठेवणीची आहेत: हिव, ऊन आणि पाऊस यांना 'काळ' जोडला गेला आणि झिजत झिजत शेवटी 'आळा' उरला. म्हणजे 'पावसाळा' या शब्दातील 'स' हा पावसाचा आहे, ऋतूच्या प्रत्ययाचा नाही. 'हिवसाळा' घडवणाऱ्याने हिवाळ्याचा 'हिव' घेतला, पावसाळ्याचे शेपूट घेतले, आणि कापताना नेमका तो 'स' शेपटाबरोबर आणला. संपूर्ण पाऊस त्या एका अक्षरात मावला आहे. 'स' काढा, शब्द पुन्हा साधा 'हिवाळा' होतो आणि पाऊस थांबतो. कोणत्याही व्याकरणकाराला न विचारता हे घडले आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते कळले, यावरून मराठी माणसाच्या कानात ऋतूंची ही ठेवण किती पक्की आहे ते दिसते.

दुसरा प्रकार शब्दाची जात बदलण्याचा. 'अवकाळी' हे विशेषण आहे. 'अवकाळी पाऊस' असा त्याचा मूळ वापर. आता बातम्यांत आणि गटांवर "अवकाळीने झोडपले", "अवकाळीचा तडाखा", "पुन्हा अवकाळी आला" असे सर्रास लिहिले जाते. पाऊस हा शब्द गळून पडला, पण त्याचे पुल्लिंग मागे राहिले. विशेषणाचे नाम झाले, त्याला विभक्ती लागू लागली, पुढे 'अवकाळीग्रस्त' असा शब्दही त्यापासून निघाला. एखादी गोष्ट वारंवार घडू लागली की भाषा तिला लांब नावाने हाक मारत बसत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील महाराष्ट्रातील मोठ्या गारपिटीच्या आधीची आणि नंतरची वृत्तपत्रे समोर ठेवून 'अवकाळी पाऊस' आणि नुसते 'अवकाळी' यांची मोजणी कोणी केली, तर तो फार मोलाचा अभ्यास होईल.

अवकाळीच्या शेजारी 'वळीव' ठेवून पाहावा. एप्रिल-मेमधला गडगडाटी पाऊस हा मराठी मुलखाला अनोळखी नाही. त्याला वळीव म्हणतात, आणि त्या शब्दात मातीचा वास व सुटकेची भावना आहे. तोच पाऊस आज अनेकदा 'अवकाळी' म्हणून नोंदवला जातो. मे २०२५ मध्ये हा प्रश्न फार टोकदार झाला. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून मानली जाते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पडणाऱ्या पावसाला वळीव म्हणावे, अवकाळी म्हणावे की मान्सून, असा प्रश्न पडण्याजोगी ती स्थिती होती. जुना शब्द असताना लोक कोणता शब्द निवडतात, हेही नव्या शब्दाइतकेच काळजीपूर्वक टिपावे.

तिसरा प्रकार विरोधाचा. 'ओला दुष्काळ' या दोन शब्दांचे एकमेकांशी पटत नाही, आणि त्यातच त्यांचे बळ आहे. दुष्काळ म्हणजे पाण्याचा अभाव, हा अर्थ मराठवाड्यातील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या भोगलेला आहे. पण त्या शब्दाचा गाभा पाणी नसून अन्न आणि उत्पन्न जाणे हा आहे, हे अतिवृष्टीत सडलेल्या सोयाबीनकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याने या जोडशब्दातून सांगितले. "ओला दुष्काळ जाहीर करा" ही मागणी म्हणूनच शब्दाची मागणी आहे: दुष्काळ जाहीर झाला की ज्या सवलती मिळतात, त्या अतिपावसानेही मिळाव्यात, असा तिचा अर्थ. शासकीय भाषेत मात्र 'अतिवृष्टी' हा शब्द चालतो आणि महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस ही त्याची खूण धरली जाते. लोकांचा शब्द आणि दप्तराचा शब्द असे दोन असतात, तेव्हा दोन्ही नोंदवावेत आणि त्यांच्यामध्ये कोणाचे काय अडकले आहे ते लिहावे.

शब्दखेळ, नादसाम्य, लेखनातील गंमत हे प्रकार सोपे आहेत. दरवर्षी १ एप्रिलच्या सुमारास "एप्रिल फूल नको, एप्रिल कूल करूया" हा झाडे लावण्याचा संदेश फिरतो. दोन्ही शब्द इंग्रजी असूनही खेळ मात्र मराठी वाक्यात बसला आहे. असे शब्द थोडक्यात नोंदवून पुढे जावे.

परभाषांतील उदाहरणे तुलनेसाठी जवळ ठेवावीत. स्वीडिश भाषेत 'फ्लीगस्काम' म्हणजे विमानप्रवासाची लाज हा शब्द २०१८ आणि २०१९ मध्ये गाजला. ग्रेटा थुनबर्ग या शाळकरी मुलीने स्टॉकहोममध्ये संसदेसमोर हवामानासाठी शाळेचा संप सुरू केला तोही ऑगस्ट २०१८. जर्मन, डच, फिनिश भाषांनी तो शब्द आपापल्या घटकांतून पुन्हा घडवला, आणि स्वीडिश भाषेत त्याला जोडीदार म्हणून आगगाडीने जाण्याची फुशारकी सांगणारा शब्दही आला. जपानमध्ये अचानक, थोड्या जागेत कोसळणाऱ्या पावसाला लोक आणि वृत्तमाध्यमे 'गेरिरा गोउ' म्हणतात, म्हणजे छापामार पाऊस; तेथील हवामान संस्था आपल्या अंदाजांत तो शब्द वापरत नाही. गनिमी काव्याच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पाचवी पायरी: सूर आणि कर्ता ओळखा

एकच शब्द विरुद्ध बाजूंची माणसे वापरतात. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अँटोनियो गुटेरेस यांनी २७ जुलै २०२३ रोजी तापमानवाढीचे युग संपून 'जागतिक उकळी'चे युग आले आहे, असे म्हटले. असा शब्द एक जण काळजीने लिहितो, तर दुसरा तोच शब्द "समुद्र उकळताना दिसत नाही" अशी टिंगल करण्यासाठी लिहितो. जर्मनीतील भाषा अभ्यासकांचे एक मंडळ दरवर्षी एक निंद्य शब्द निवडते. २०१९ साठी त्यांनी 'हवामान-उन्माद' या अर्थाचा आणि २०२२ साठी 'हवामान-दहशतवादी' या अर्थाचा शब्द निवडला. कल्पकता दोन्हीकडे असते, आणि हिणवण्यासाठी घडवलेला शब्दही वहीत यायलाच हवा. आपल्याकडे थंडीच्या दिवशी "कुठे गेले ते ग्लोबल वॉर्मिंग?" असे लिहिले जाते, त्यातील निम्मी माणसे गंमत करत असतात आणि निम्मी खरोखर विचारत असतात. फरक शब्दात नसतो, तो पुढच्या संभाषणात दिसतो. म्हणूनच मागचे-पुढचे वाक्य नोंदवायचे.

हवामान बदल मानणाऱ्यांतही आपापसांत धारदार शब्द चालतात. खोट्या आशेला इंग्रजी समाजमाध्यमांवर 'होपियम' म्हणतात, म्हणजे आशेची अफू. आणि आता काहीच होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्याला 'डूमर' म्हणतात. असे शब्द टिपताना लिहिणाऱ्याचा कल तीनच शब्दांत लिहावा: काळजी, चेष्टा, किंवा कळत नाही. "कळत नाही" हा रकाना मोकळेपणाने वापरावा.

यानंतर वाक्याचा कर्ता शोधावा. मराठीत पाऊस दडी मारतो, हुलकावणी देतो, ओढ देतो, झोडपतो, उघडीप देतो. या सर्व क्रियापदांत पाऊस हा लहरी माणूस आहे आणि दोष त्याचा आहे. आपल्या भाषेने संकटांची फार जुनी वाटणी करून ठेवली आहे: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून आले ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून आले ते सुलतानी. माणसाने जाळलेल्या कोळशामुळे आणि तेलामुळे आभाळच बिघडले असेल, तर ते संकट कोणत्या खात्यात लिहायचे? माझ्या मते हवामान बदलाच्या मराठी चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा भाषिक प्रश्न हाच आहे. जे नवे शब्द या दोन खात्यांमधली भिंत ओलांडतात, माणसाला कर्ता करतात, त्यांच्यापुढे वहीत ठळक खूण करावी.

सहावी पायरी: मोजमापाशी ताडून पाहा

ही पायरी भाषाप्रेमी बहुधा गाळतात, आणि त्यामुळे त्यांच्या नोंदी अर्ध्याच राहतात. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सुमारे २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रात एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर ती ढगफुटी. समाजमाध्यमांवर मात्र रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले की ढगफुटी झालेली असते. वृत्तपत्रांनी यावर 'ढगफुटीसदृश पाऊस' असा तोडगा काढला. 'सदृश' या शब्दाने वार्ताहराने स्वतःचा बचाव करून घेतला आहे. येथे लोकांना चूक ठरवून थांबू नये. मोजमाप काय होते ते लिहावे आणि मग विचारावे की एवढा मोठा शब्द त्यांना का लागला. नाला बुजलेला होता का? पाऊस पंधरा मिनिटांत आला का? शेतातील बांध फुटला का?

मोजमाप लिहिताना केंद्राचे नाव लिहिणे अत्यावश्यक आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाचा ९४४ मिलिमीटर हा आकडा सर्वांना पाठ आहे, पण तो सांताक्रूझचा आहे. त्याच शहरात कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी दक्षिण मुंबईत बसून लिहिलेला शब्द आणि सांताक्रूझजवळच्या कलिन्यात पाण्यात उभे राहून लिहिलेला शब्द एकाच आकड्याशी ताडून चालणार नाही. ग्रामीण भागासाठी महसूल मंडळांतील 'महावेध' या स्वयंचलित हवामान केंद्रांची नोंद आणि तालुक्याची दैनंदिन पर्जन्यनोंद उपयोगी पडते.

उष्णतेच्या लाटेचेही तसेच आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश असेल, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक असेल, तर लाट मानली जाते; तापमान ४५ अंश किंवा अधिक असेल तर सरासरी पाहण्याची गरज उरत नाही. त्यामुळे चंद्रपूरमध्ये ४३ अंशांनाही लाट नसू शकते आणि रत्नागिरीत ३८ अंशांना असू शकते. विदर्भातील 'नवतपा' (मेअखेरीचे नऊ तापते दिवस), मुंबईतील 'ऑक्टोबर हीट', सर्वत्र चालणारे काहिली, झळा, चटका हे शब्द तापमापकाचा आकडा आणि अंगाला जाणवणारा ताप यांतील अंतर भरून काढत असतात. तो आकडा शेजारी लिहिला की हे अंतर दिसू लागते.

आणखी एक सावधगिरी. मराठीत 'हवामान' हा एकच शब्द आजच्या ढगाळ वातावरणासाठी आणि तीस वर्षांच्या सरासरीसाठीही चालतो. "हवामान बदलले" या वाक्याचा अर्थ "आभाळ आले" असाही होतो. अशा वाक्यांना हवामान बदलाच्या चर्चेत मोजण्यापूर्वी ती पूर्ण वाचावीत.

सातवी पायरी: शब्दाचे आयुष्य पाहा

बहुतेक शब्द आठवड्यात संपतात. काही ऋतूबरोबर परत येतात, आणि थोडे कायमचे राहतात. कोणता शब्द केव्हा किती शोधला गेला हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर शब्द टाकून पाहावा. तेथे दिसणारे ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, प्रत्यक्ष शोधांची संख्या नसते, हे विसरू नये. शब्द वृत्तपत्राच्या मथळ्यात अवतरणचिन्हाशिवाय आला, त्याला प्रत्यय लागले, किंवा मंत्र्याच्या उत्तरात तो आला, की त्याची तारीख वेगळी लिहावी.

आठवी पायरी: स्वतः शब्द घडवायचा असेल तर

भाषांतराने सुरुवात करू नये, कारण परक्या शब्दाच्या मागे परका अनुभव असतो. 'विमानलाज' असा शब्द मराठीत सहज घडेल, पण ज्या समाजात बहुतेकांनी विमानात पाऊलही ठेवलेले नाही, तेथे ती लाज कोणाची? जनाची की मनाची, हे आपली भाषा लगेच विचारते. आधी आपल्याकडील अनुभव शोधावा आणि त्यासाठी आपल्याकडे पूर्वीच असलेला शब्द शोधावा. पर्यावरणाची काळजी घेतल्याचा देखावा करणाऱ्या जाहिरातींना 'हरितधुलाई' म्हणण्यापेक्षा 'हिरवी धूळफेक' म्हणावे, असे माझे मत आहे, कारण धूळफेक कोण करतो आणि धूळ कोणाच्या डोळ्यांत जाते हे शब्दातच आहे. एका मर्यादेपलीकडे गेल्यावर परत न येणारी स्थिती सांगायला 'कडेलोट' आहे. गडाच्या टोकावर उभे राहून खाली पाहिलेल्या कोणालाही तो शब्द वेगळा समजवावा लागणार नाही.

शब्द सुचला की त्याची परीक्षा घ्यावी. त्याला -ने, -चा, -त लावून पाहावे. लिंग कोणते ते ऐकणाऱ्याला आपोआप कळते का ते पाहावे. तो मोठ्याने उच्चारावा. आजीला, शेतातल्या माणसाला आणि दहावीतल्या मुलाला एकेका वाक्यात सांगावा, अर्थ न सांगता. तिघांपैकी दोघांना समजला तर ठेवावा. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" अशी म्हण ज्या भाषेने केली, तिच्यात पाऊस, नक्षत्र आणि पीक एका दमात सांगण्याची ताकद आहे. नवा शब्द त्या वाक्याशेजारी ठेवून कानाला कसा लागतो ते पाहावे.

शेवटी नोंद इतरांना दाखवण्याविषयी. 'हिवसाळा' ही नोंद मी पहिल्यांदा एका व्याख्यानासाठी लिहून काढली, तेव्हा मावसभावाचे वाक्य वापरू का, असे त्याला विचारले. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिले: "वापर. पण नुसती गळकूज लिहू नकोस. प्लॉट छाटणीपासून कितव्या दिवसाचा होता ते लिही, नाहीतर कोणाला काही कळणार नाही." तो चाळिसाव्या दिवसाचा होता. माझ्या तक्त्यात त्या दिवसापासून एक रकाना वाढला आहे: पीक कोणत्या अवस्थेत होते.